कमी पाण्याची झाडं : उन्हाळा पास, पावसाळा नापास (कोल्हापुरातला संक्रांत ते दिवाळीचा अनुभव)

पाण्याअभावी माझं एकही झाड गेलं नाही. गेली ती सगळी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा मी कुंडीत थेंबभरही पाणी घालत नव्हते. 'दुष्काळातही टिकणारं', 'पंधरा दिवसांतून एकदा पाणी' अशा पाट्या बघून झाडं घेणाऱ्या कोल्हापूरकरांना हे आधी कळावं, म्हणून सविस्तर लिहिते.

घर कळंब्याच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. गॅलरी पश्चिमेची. मार्च लागला की दुपारनंतर फरशीवर पाय टेकवत नाही. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येतं आणि टँकरचे पैसे सगळ्यांत वाटून द्यावे लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर उपसा केंद्रं बुडाली आणि सगळीकडे पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले. तेव्हापासून बादलीभर पाणी झाडांना ओतताना माझा हात आखडतो. म्हणून सासूबाईंची तुळस आणि जास्वंद तेवढी ठेवून बाकी सगळी गॅलरी कमी पाण्याच्या झाडांची करायची असं ठरवलं. संक्रांतीनंतर अडेनियम, जेड, स्नेक प्लांट, झीझी, बोगनवेल आणि ऑफिस टाइम आणली. कोरफड आणि पानफुटी शेजारच्या काकूंनी दिली.

उन्हाळ्याबद्दल तक्रार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात अडेनियम फुलांनी भरलं होतं. जेडची पानं कडेला लाल झाली, पण गळली नाहीत. यातली बरीचशी झाडं पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे भर उन्हात पाणी उडून जात नाही. मेमध्ये कुणी विचारलं असतं तर मी जेडला पहिला नंबर दिला असता.

इथेच एक सांगते. स्नेक प्लांटवर 'रात्री ऑक्सिजन देणारं झाड' अशी चिठ्ठी लावून पन्नास रुपये जास्त घेतात. रात्री छिद्रं उघडतात हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. अंधारात ते झाडही आपल्यासारखा ऑक्सिजन वापरतच असतं. हवा शुद्ध करण्याचं जे बोललं जातं त्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या अभ्यासात आहे, आणि तो बंद पेटीत केलेला प्रयोग होता. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या आपल्या घरात चार कुंड्यांनी फरक पडत नाही. झाड देखणं आहे, चिवट आहे, तेवढ्यासाठी जरूर घ्या. चिठ्ठीचे पैसे देऊ नका.

आता पावसाळा. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. एकदा झड लागली की आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. अडेनियम मूळचं अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेकडचं. ऊन नसेल तर ते पाणी ओढत नाही, मुळं नुसती ओलीत बसून राहतात. जुलैच्या शेवटी त्याचं फुगीर खोड अंगठ्यानं दाबलं तर आत गेलं. उपटायची गरजच पडली नाही, बोटाच्या धक्क्यानं आडवं झालं. त्यानंतर जेडची एकेक फांदी सांध्यातून गळायला लागली.

कुंडी उलटी केली तेव्हा खरं कारण दिसलं. वरची माती बऱ्यापैकी मोकळी होती, पण मधोमध मुळांना घट्ट धरून मूठभर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा, बाहेरून पातळ जाळी. दाबला तर पाणी ठिबकलं. रोप लहान असताना ते ज्या जाळीत वाढवतात, ती जाळी तशीच ठेवून वर माती भरून विकतात. आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून रोपं ट्रकनं येतात, कोकोपीट हलकं पडतं, वाहतूक स्वस्त होते, हे समजू शकतं. पण कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. ज्या झाडाची सगळी ख्याती कोरड्या मुळांवर उभी आहे, त्याच्या मुळाशीच ओला बोळा! आणि तेच कोकोपीट उन्हाळ्यात एकदा कडकडीत वाळलं की पाणी सहज आत शिरू देत नाही. वरून घातलेलं पाणी कडेनं वाहून खालच्या भोकातून निघून जातं. मेमध्ये पाणी घालूनही ऑफिस टाइम का माना टाकत होतं, ते मला तेव्हा कळलं.

नर्सरीत गोळा पिशवीत घालून घेऊन गेले.

"ताई, पाणी जास्त झालंय. माल चांगलाच हुता."

"पाऊस लागल्यापासून मी पाणी घातलेलंच नाही."

"मग पावसाचं झालं असंल. त्याला आम्ही काय करणार?"

मी गोळा काउंटरवर पिळून दाखवला. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी हातातली रोपं खाली ठेवली, तेव्हा कुठे दुसरं अडेनियम अर्ध्या किमतीत मिळालं. त्यातही जाळी होतीच. विकत घेताना 'पाणी कमी घाला' एवढंच सांगतात, 'जाळी काढा' असं कुणी सांगत नाही, याचा मला अजून राग आहे. साडेतीनशे रुपयांच्या झाडाबरोबर एवढं एक वाक्य द्यायला काहीच खर्च नाही.

नवीन झाडाची जाळी कात्रीनं कापली, कोकोपीट पाण्यात भिजवून बोटांनी सोडवलं, मुळं दोन दिवस सावलीत वाळू दिली. अडेनियमचा चीक विषारी असतो, कापाकापी करताना हातमोजे घाला. मिश्रणासाठी बाजारात परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके दाणे) मिळतं, पण त्याची किंमत बघून परत फिरले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या कागलकडं कुंडीत विटांचा चुरा आणि खापऱ्या घालायचे, तेवढंच पुरं हुतं." समोरच बांधकाम चालू आहे, तिथून फुटक्या विटा फुकट मिळाल्या. एक भाग तांबडी माती, एक भाग चाळलेली कच (खडीचा बारीक चुरा), एक भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, ओंजळभर जुनं शेणखत. कचेतली भुकटी चाळून टाकायलाच हवी, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. शेतातली काळी माती या झाडांना घालू नका. ओली झाली की चिकटून बसते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. कुंडी शक्यतो मातीची घ्या, प्लॅस्टिकपेक्षा लवकर सुकते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चौकशी करा. आणि कुंडीखालच्या बशा जूनमध्येच काढून ठेवा, डासही कमी होतात.

या मिश्रणातलं अडेनियम ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसातून सुखरूप निघालं, दसऱ्याला नवी पालवी आली. त्यामुळे 'अडेनियम कोल्हापुरात जगत नाही' हे माझं जुलैमधलं मत आता राहिलेलं नाही. जेडबद्दल अजून खात्री नाही. वाचलेल्या फांद्या लावल्या आहेत, पण पुढच्या पावसाळ्यात ते छपराखालीच राहणार.

झीझीला मी सुरुवातीला महाग आणि सुस्त म्हणून नावं ठेवली होती. चार महिने एक पान हललं नाही. पण मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यात त्याची पाण्याची बेगमी. घरातल्या कोपऱ्यात पाऊस लागत नाही, त्यामुळे सड नाही, आणि गणपतीत एकदम तीन कोंब वर आले. बोगनवेल पावसात नुसती पानं वाढवते. आता पाणी तोडलं की रंग धरेल, तिला ताण लागतोच. कोरफड आणि पानफुटी यांना काहीही झालं नाही.

यावरून माझं स्पष्ट मत झालं आहे. आपल्याकडे नुसतं 'दुष्काळी' झाड पुरत नाही. चार महिने चिंब आणि आठ महिने कोरडं, दोन्ही सोसणारं झाड पाहिजे. देवचाफा तसा आहे, उन्हाळ्याआधी पानं टाकून मोकळा होतो. कण्हेर तशी आहे (सगळे भाग विषारी, लहान मुलं असतील तर नको). सह्याद्रीच्या कातळावरचं कंदीलपुष्प तर याच ऋतुचक्रासाठी घडलेलं : पावसात वेल, फुलं, आणि मग उन्हाळाभर जमिनीखाली कंद. त्याच्या संवर्धनाचं मोठं काम आपल्याच शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात झालं आहे. रानातून मात्र ते उपटून आणू नका, त्यातल्या बऱ्याच जाती दुर्मीळ आहेत. नर्सऱ्यांनी आफ्रिकेतली झाडं ट्रक भरून आणण्यापेक्षा इथे टिकणाऱ्या अशा झाडांची रीतसर रोपं केली तर मी पहिली गिऱ्हाईक असेन.

सध्या ज्यांनी अडेनियम किंवा जेड घेतलं आहे त्यांनी लगेच थंडीत मुळांना हात लावू नये, झाड झोपेत असतं. फेब्रुवारीअखेर ऊन तापायला लागलं की जाळी काढा. नवीन घेणार असाल तर दुकानातच पिशवी सोडून मुळं दाखवायला सांगा. नकार दिला तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या नर्सरीत जा.