डिस्कशन की डिबेट: इंग्रजीत कोणता शब्द लिहावा?

इंग्रजीत निमंत्रण किंवा इतिवृत्त लिहिताना चर्चेसाठी डिस्कशन लिहावे की डिबेट, असा प्रश्न पडला, तर आधी त्या बैठकीचे स्वरूप पाहावे. सहभागी लोकांचे मत अजून पक्के झालेले नसेल, विषय निरनिराळ्या अंगांनी तपासायचा असेल आणि अखेरीस एकमत झाले नाही तरी चालणार असेल, तर डिस्कशन हाच योग्य शब्द आहे. डिबेटमध्ये मात्र बाजू आधीच ठरलेल्या असतात, बहुधा एखादा ठराव समोर असतो आणि वक्ता प्रतिपक्षापेक्षा श्रोत्यांचे मन वळवण्यासाठी बोलतो. १८५८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस हे राजकारणी जाहीर वादविवादासाठी सात ठिकाणी आमनेसामने आले, ते दोघेही सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, एकाच जागेसाठी झुंजत होते. त्या सभांना डिस्कशन म्हटले, तर त्यांतील चुरसच हरवेल. माझ्या मते शंका असेल तेव्हा डिस्कशनच लिहावे, कारण डिबेट वाचून आलेला माणूस विरोधाच्या तयारीनेच येतो.

डायलॉग हा शब्द दुरावलेल्या पक्षांमध्ये दीर्घकाळ चालणाऱ्या बोलण्यांसाठी राखून ठेवावा. त्यातील ‘डाय’चा अर्थ ‘दोन’ असा नसून मूळ ग्रीकमध्ये ‘मधून, आरपार’ असा आहे, म्हणून तो दोघांपुरताच मर्यादित नाही. आर्ग्युमेंटचा अर्थ तर्कशास्त्रात युक्तिवाद असला, तरी रोजच्या वापरात तो भांडणाकडे झुकतो.

खरी अडचण शब्दाच्या निवडीइतकीच त्याच्या वापरात आहे. मराठीत आपण विषयाबद्दल चर्चा करतो, त्यामुळे डिस्कस या क्रियापदापुढे अबाउट सहज लिहिले जाते; प्रमाण इंग्रजीत मात्र ते क्रियापद थेट कर्म घेते. ‘वी डिस्कस्ड द बजेट’ हे बरोबर, ‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट’ हे चूक. नामाचे तसे नाही: ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’ निर्दोष आहे आणि अबाउटऐवजी ऑनही चालते. नुसते ‘लेट अस डिस्कस’ हेही अपुरे वाटते, तेथे निदान ‘इट’ तरी हवे. डिबेट या बाबतीत अधिक मोकळे आहे, कारण ते कर्मासह आणि कर्माशिवाय, दोन्ही प्रकारे वापरता येते.

परीक्षेच्या प्रश्नात डिस्कस आले, तर केवळ वर्णन पुरत नाही; अनुकूल आणि प्रतिकूल मुद्दे कारणांसह तोलून दाखवावे लागतात.