ट्रॅकसाठी मापावर शिवून घेतलेला लेदर सूट : दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

माझी उंची १५७ सेंटिमीटर, छाती ८८, कंबर ७३ आणि नितंबांचा घेर ९९ सेंटिमीटर आहे. ही मापे आरंभीच देते, कारण ट्रॅकवर घालायच्या लेदर सूटबद्दलचा कोणताही अभिप्राय लिहिणाऱ्याच्या मापांवाचून निरुपयोगी असतो. जो सूट एखाद्या उंच, सडपातळ रायडरला चपखल बसतो, तोच माझ्या खांद्यांवरून लोंबतो आणि मांड्यांत अडकतो. मी पुण्यात राहते आणि वर्षातून तीन-चार वेळा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटरसायकल चालवते. येथे ज्याच्याविषयी लिहीत आहे तो वन-पीस, म्हणजे जाकीट आणि पँट एकत्र जोडलेला, सूट दक्षिणेतल्या एका छोट्या कारखान्याने माझ्या मापावर शिवून दिला. तेथे तिघेच कारागीर आहेत, हातातली कामेच पुरी होत नाहीत, आणि नाव जाहीर करू नये अशी मालकांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. सूट अंगावर कसा बसवून घ्यावा, हाच या लेखनाचा मुख्य विषय आहे.

पहिला सूट मी तयार मापाचा घेतला होता आणि ती निवड चुकली. युरोपीय पद्धतीत पुरुषांच्या सूटवरचा आकडा ढोबळमानाने छातीच्या घेराच्या निम्मा असतो. म्हणजे ४६ हे माप साधारण ९२ सेंटिमीटर छातीसाठी आणि ४८ हे ९६ सेंटिमीटर छातीसाठी. डायनीज, अल्पाइनस्टार्स या इटालियन कंपन्या महिलांसाठी वेगळ्या बेताचे सूट बनवतात, परंतु ते प्रत्यक्ष घालून पाहता येईल असे दुकान मला सापडले नाही, आणि परदेशातून न पाहता मागवून नंतर परत पाठवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून मी पुरुषांचा ४६ घालून पाहिला. तो नितंबांवरून वर चढेना. ४८ चढला, म्हणून तोच घेतला. खांद्यांत आणि दंडांत तो ढगळ होता, त्यावर विक्रेत्याने सांगितले की लेदर आहे, वापराने अंगावर बसेल. या एका वाक्याने अनेक रायडर फसले असतील असे मला वाटते. चामडे वापराने सैल होते, आवळत कधीच नाही. आणि सैल होते तेही घेरात, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे नवा सूट मांडीत किंवा छातीत जरा तंग असला तर थोडा धीर धरावा, पण बाही आखूड असेल, धड आखूड असेल किंवा खांदा ढगळ असेल तर तो सूट दुकानातच ठेवून यावे.

त्या ढगळ बाहीची किंमत मी कारीवर मोजली. एका डाव्या वळणावर पुढच्या चाकाची पकड सुटली आणि मी लो-साइड पडले, म्हणजे मोटरसायकलसह वळणाच्या आतल्या बाजूला घसरले. वेग फार नव्हता, घसरणेही सरळ होते, चामडे कुठे फाटले नाही. परंतु डाव्या कोपराचे आर्मर, म्हणजे आघात शोषणारे पॅड, बाहीसकट फिरून दंडाच्या आतल्या बाजूला गेले होते, आणि कोपराचे हाड व डांबर यांच्यामध्ये केवळ एक चामड्याचा थर उरला होता. हाड मोडले नाही. सूज मात्र तीन आठवडे राहिली. त्या आर्मरवर ईएन १६२१-१ या युरोपीय मानकाच्या दुसऱ्या पातळीचा शिक्का होता. या चाचणीत ५० ज्यूलचा आघात दिल्यावर पलीकडे पोहोचणारे बल पहिल्या पातळीच्या आर्मरमध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनांच्या आणि दुसऱ्या पातळीच्या आर्मरमध्ये २० किलोन्यूटनांच्या आत राहावे लागते. प्रयोगशाळेत मात्र ते आर्मर आघाताच्या बरोबर खाली ठेवलेले असते. अंगावर ते काम बाहीला करावे लागते, आणि माझी बाही ते करत नव्हती.

नव्या कारखान्यात मापे घेण्याचे काम मालकांच्या पत्नी करतात, त्यामुळे मला कोणताही संकोच वाटला नाही. एकूण ३१ मापे घेतली गेली, तीही बेस लेयर (सूटच्या आत अंगालगत घालायचा पातळ कपडा), पाठीचे आर्मर आणि बूट घालूनच. त्यांतले एक माप मला पूर्वी ठाऊकही नव्हते, आणि आता ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. टेपचे एक टोक मानेलगत खांद्यावर धरून तो छातीवरून खाली, दोन्ही मांड्यांच्या मधून मागे आणि पाठीवरून पुन्हा त्याच बिंदूपर्यंत आणायचा. हा धडाचा पूर्ण फेरा. वन-पीस सूटमध्ये हा फेरा दोन सेंटिमीटर कमी पडला तरी सूट जांघेत रुततो आणि मान खाली ओढतो, आणि जास्त झाला तर पोटावर चुण्या पडून पेट्रोलच्या टाकीवर झोपताना त्या फासळ्यांना टोचतात. पाठीची लांबी त्यांनी दोनदा मोजली : आधी ताठ उभी असताना, आणि मग तेथेच स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलवर टाकीला छाती टेकवून. दोन्हींत सहा सेंटिमीटरांचा फरक निघाला. हा फरक कमरेवरच्या आणि खांद्यामागच्या चुणीदार, ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांनी भरून काढायचा असतो.

चामडे कापण्याआधी त्यांनी संपूर्ण सूट मांजरपाटात शिवून कुरिअरने पुण्याला पाठवला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या चाकाला स्टँड लावून मी तो घालून मोटरसायकलवर बसले, आणि माझ्या भावाने गुडघ्याच्या वाटीचा मध्य, कोपराचे टोक आणि मनगटाचे हाड यांवर कापडावर निळ्या पेनाने फुल्या मारल्या. वळणावर लटकतात तसे सीटवरून उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना लटकून, आतला गुडघा बाहेर काढून फोटो काढले. तेव्हा लक्षात आले की गुडघ्याचा आखलेला गोल माझ्या वाटीच्या चार सेंटिमीटर खाली येत होता. हे चामड्यात शिवून झाल्यावर दुरुस्त होण्यासारखे नव्हते. मांजरपाटाची ही एक पायरी, माझ्या मते, साऱ्या खर्चातला सर्वांत सार्थकी लागलेला भाग आहे. जो कारागीर ती करायला नकार देतो, त्याच्याकडून एकसंध सूट शिवून घेऊ नये.

तयार सूट आला तेव्हा आरशासमोर उभे राहून मी घाबरले, कारण तो लहान वाटत होता. ट्रॅकचा सूट उभ्या माणसासाठी बेतलेला नसतोच; तो खांदे पुढे ओढतो, पाठ वाकवतो, गुडघे किंचित दुमडलेले ठेवतो. मोटरसायकलवर बसताच तो सगळा ताण नाहीसा झाला. पारख करताना दंडावरचे चामडे चिमटीत धरून पाहावे. दोन सेंटिमीटरांहून अधिक हाती आले तर बाही सैल आहे. मग दुसऱ्या कोणाला तरी कोपर आणि गुडघ्याचे आर्मर दोन्ही हातांनी पिळायला सांगावे. ते हाडावरून सरकता कामा नये. टाकीवर झोपून पाच मिनिटे तसेच राहावे, बोटांना मुंग्या आल्या तर काख तंग आहे. माझे हात आखूड असल्यामुळे कोपरासाठी त्यांनी मानकातल्या लहान आकाराचे, म्हणजे टाइप ए आर्मर वापरले. मोठ्या आकाराच्या टाइप बीचे खालचे टोक पूर्वी ग्लोव्हच्या पट्ट्याला अडत असे.

ट्रॅकवरचा सर्वांत मोठा फरक मला डोळ्यांपुढे जाणवला. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा आहे आणि सरळ पट्ट्यावर टाकीवर झोपून पुढचे वळण शोधावे लागते. जुन्या सूटची मान वर सरकून हेल्मेटच्या मागच्या कडेला ढुशी देत असे, हेल्मेट पुढे झुके, आणि मला व्हायझरच्या वरच्या कडेतून कसेबसे पाहावे लागे. नव्या सूटमध्ये पाठीवर शिवलेला उंचवटा हेल्मेटच्या खाली थांबतो आणि मान मोकळी राहते. लटकताना जांघेतले कापड पाय मागे खेचत नाही, त्यामुळे बाहेरच्या मांडीने टाकी धरणे सोपे झाले आणि हँडलवरचा हातांचा भार हलका झाला. दुसऱ्या हंगामात मी पुन्हा एकदा पडले, या वेळी इरुंगट्टुकोट्टईला. उठून बाही पाहिली तेव्हा ओरखडे कोपराच्या बरोबर मध्यावर होते, आणि आर्मर जागचे हलले नव्हते.

चामडे गायीचे, १.२ ते १.३ मिलिमीटर जाडीचे आहे. नितंब, कोपर आणि खांदे येथे दुहेरी थर आहे. कांगारूचे चामडे त्याहून पातळ व हलके असूनही मजबूत असते, पण त्याने किंमत फार वाढली असती. धारावीत मिळणारी शेळी-मेंढीच्या मऊ चामड्याची जाकिटे देखणी असतात. ती रस्त्यावर घसरण्यासाठी बनवलेली नसतात, हे नव्या रायडरांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आता उणिवा. आर्मर प्रमाणित असले तरी संपूर्ण सूटला रायडरांच्या कपड्यांसाठीच्या ईएन १७०९२ या युरोपीय मानकातली कोणतीही श्रेणी मिळालेली नाही; नामांकित कंपनीच्या सूटवर एएए किंवा एए अशी श्रेणी लिहिलेली असते, येथे शिवणीच्या बळकटीबाबत कारागिरावर विश्वास ठेवावा लागतो. मी तीन पदरी टाके उलटून तपासले, तरी तपासणी म्हणजे चाचणी नव्हे. सहा आठवड्यांचा वायदा अकरा आठवड्यांवर गेला. अस्तर काढून धुता येत नाही, आणि छिद्रे केवळ छातीवर असल्यामुळे चेन्नईच्या उकाड्यात तिसऱ्या फेरीनंतर सूट आतून ओलाचिंब होतो. शिवाय एअरबॅग वेस्टसाठी (पडताना फुगणाऱ्या बंडीसाठी) छातीत जागा ठेवण्याचा पर्याय त्यांनी दिला होता, तो मी खर्चाच्या विचाराने नाकारला. मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल शर्यतींत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे, आणि अंगाबरोबर शिवलेल्या सूटमध्ये ती जागा नंतर निर्माण करता येत नाही; नव्याने सूट शिवणाऱ्याने वेस्ट आधी विकत घ्यावे आणि ते घालूनच मापे द्यावीत.

पुण्या-मुंबईकडच्या रायडरांना पावसाळ्याची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. पहिल्याच जुलैमध्ये, कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या माझ्या सूटच्या काखेत पांढरी बुरशी आली. आता तो रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती चादरीत, भिंतीपासून दूर टांगते, आणि घामाने भिजल्यावर सावलीत, पंख्याखाली उलटा करून वाळवते.

मांजरपाटाची चाचणी आणि कुरिअर धरून मला ५४,००० रुपये खर्च आला. दोन हंगामांत मांड्यांचा घेर बोटभर सैल झाला आहे, लांबी मात्र होती तेवढीच आहे. ज्यांचे अंगमान तयार मापांच्या तक्त्यात नीट बसते, त्यांनी श्रेणी मिळालेला तयार सूट घालून पाहून घ्यावा. तो अधिक खात्रीचा ठरेल. ज्या रायडर मैत्रिणींचे खांदे एका मापात आणि नितंब दुसऱ्या मापात जातात, त्यांनी मात्र मापे मे महिन्यात द्यावीत, म्हणजे विलंब धरूनही थंडीतल्या पहिल्या ट्रॅक डेपूर्वी सूट हाती येईल आणि दुरुस्तीलाही वेळ उरेल.