थेट दिल्ली की आधी उच्च न्यायालय? अनुच्छेद ३२ आणि २२६

सरकारी आदेशाने हक्कावर गदा आली की पुष्कळजण म्हणतात, "सुप्रीम कोर्टातच जाऊ." संविधानाने ती सोय अनुच्छेद ३२ मध्ये केलेली आहे, आणि बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तिला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. तरीही माझा कल दुसरीकडे आहे. बहुतेकांनी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयातच रिट, म्हणजे सरकारला आदेश द्यावा अशी मागणी करणारी याचिका, दाखल करावं.

पहिलं कारण म्हणजे आवाका. ३२ फक्त मूलभूत हक्कांपुरता चालतो. तुमची शेतजमीन रस्त्यात गेली आणि मोबदला अडकला, तर एकट्या मालमत्तेच्या हक्कावर दिल्लीत उभं राहता येत नाही. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि तो अनुच्छेद ३००अ मध्ये गेला. २२६ मात्र मूलभूत हक्कांखेरीज इतर कारणांसाठीही वापरता येतो, त्यामुळे परवाना रद्द होणं, घर पाडण्याची नोटीस अशा बाबीही त्यात बसतात. (राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी नोकरीच्या वादात आधी 'मॅट'मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचं असतं, हे विसरू नका.)

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. उच्च न्यायालयात हरलात तर अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागून अपील करता येतं. थेट दिल्लीत हरलात तर हाती उरते पुनर्विलोकन याचिका, म्हणजे त्याच न्यायालयाला निकाल पुन्हा तपासायची विनंती, आणि तीही गेली तर क्युरेटिव्ह, म्हणजे चूक सुधारण्याची शेवटची याचिका. दोन्हींत यश क्वचितच. मात्र उच्च न्यायालयाने मूळ मुद्दा तपासून (गुणवत्तेवर) याचिका फेटाळली, तर तोच मुद्दा ३२ खाली पुन्हा नव्याने मांडता येत नाही, असं १९६१ च्या दरयाव खटल्यात ठरलं. अपवाद देहोपस्थितीचा, म्हणजे बेकायदा कोठडीतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या हेबियस कॉर्पसचा.

३२ हा स्वतःच मूलभूत हक्क, मग न्यायालय परत कसं पाठवेल? १९५० मध्ये मुंबईत छापल्या जाणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने बंदी केली, तेव्हा संपादक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकलेही. आधी उच्च न्यायालयात जायची सक्ती नाही, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. पुढे सूर बदलला. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, जे नागपूर खंडपीठात घडलेले, भर सुनावणीत म्हणाले की ३२ खालच्या याचिकांना आम्ही परावृत्त करू पाहतोय. "आधी उच्च न्यायालयात जा" हे ऐकून परतायचं, तर खर्च आणि वेळ दोन्ही वाया.

२२६ लाही खोड आहे. रिट देणं न देणं न्यायमूर्तींच्या विवेकावर, आणि दुसरा कायदेशीर उपाय असेल तर "तिकडे जा" म्हणतात. मूलभूत हक्काचा भंग, बाजू न ऐकता दिलेला आदेश, अधिकारच नसताना केलेली कारवाई किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल, तर ही आडकाठी सहसा येत नाही.

मग ३२ कुणासाठी? केंद्रीय कायदाच घटनाबाह्य आहे आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत उलटसुलट निकाल नकोत, अशांसाठी. समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ असंच २०१५ मध्ये थेट दिल्लीत रद्द झालं.

मोठं न्यायालय सरकारपुढे जास्त निडर असतं, या समजावर मात्र विसंबू नका. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतील असं म्हटलं होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक मतांनी उलटवलं. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. तो निकाल पुसायला २०१७ उजाडलं.

अंतराचाही हिशेब करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, म्हणजे सांगली-सोलापूरकरांना मुंबईही गाठावी लागत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे पक्षकार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फक्त उशीर करू नका, रिटला ठरावीक मुदत नसली, तरी "इतके दिवस काय करत होता?" हा प्रश्न दोन्हीकडे येतोच.