एनएस-३ सिम्युलेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वेगवेगळ्या प्राधान्याची वाहतूक एकाच लिंकवरून जात असताना कोणत्या वर्गाची किती पॅकेट्स (डेटाचे तुकडे) गहाळ होतात, हे आधीच अजमावण्यासाठी मी आठ महिने एनएस-३ हा संगणक-नेटवर्कचा मुक्त सिम्युलेटर वापरत आहे. हिशेबाला तो पक्का आहे. मात्र पॅकेट नेमके कोणत्या रांगेत उभे राहिले हे स्वतः पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबू नये.

सुरुवातीला मी प्राधान्य बाजूला ठेवून एकच रांग घेतली. पॅकेट्सचे आगमन पॉयसन (यादृच्छिक, पण ठरावीक सरासरी दराने), लांबी घातांकी (लहान पॅकेट्स जास्त, मोठी कमी), भार लिंकच्या क्षमतेच्या ०.९ पट आणि एकूण जागा १० पॅकेट्सची धरल्यास रांगांच्या गणिती सूत्राने सुमारे ५.१ टक्के गळती निघते. सिम्युलेशनचे उत्तरही त्याच्या अगदी जवळ आले आणि माझा विश्वास बसला.

खरी कसोटी पुढे होती. फोनवरील आवाजाच्या पॅकेट्सवर डीएससीपी (पॅकेटच्या शीर्षातील प्राधान्याची खूण) ४६ लावून मी ती तीन पट्ट्यांच्या प्रायो रांगेत, म्हणजे वरची पट्टी आधी रिकामी करणाऱ्या रांगेत सोडली, तरीही गर्दी झाली की तीसुद्धा सामान्य पॅकेट्सइतकीच गळू लागली. दोन दिवस बफरचे (रांगेतील जागेचे) आकार बदलण्यात गेले. शेवटी प्रत्येक पट्टीची लांबी वेगळी छापून पाहिली, तेव्हा सर्वोच्च पट्टी पूर्ण रिकामी दिसली. डीएससीपी ज्यात बसते त्या शीर्षातील टॉस बाइटमध्ये ४६ हे मूल्य १८४ होते, त्यातून प्राधान्य काढताना जुन्या पद्धतीचे चारच बिट वाचले जातात, त्यातून ४ हा क्रमांक मिळतो आणि मूळ प्रायोमॅपमध्ये (कोणत्या प्राधान्याला कोणती पट्टी, हे सांगणाऱ्या यादीत; सर्वोच्च पट्टी ०, मधली १) ४ ला मधली पट्टी, म्हणजे सामान्य वाहतुकीचीच पट्टी दिलेली आहे. लिनक्समध्येही नेमके हेच घडते, त्यामुळे मी याला सिम्युलेटरचा दोष मानत नाही. प्रत्यक्ष यंत्रणेत झाली असती तीच चूक त्याने मला आधी दाखवली. प्रायोमॅपमधील तो एक आकडा १ चा ० केल्यावर आवाजाची गळती जवळजवळ थांबली आणि तिचा भार खालच्या वर्गांवर गेला.

अशी तुरळक गळती मोजताना मात्र एका रनवर (एका फेरीवर) निष्कर्ष काढू नये. यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ते बीज आणि रन क्रमांक मुळात ठरलेले असल्याने प्रोग्राम कितीही वेळा चालवला तरी तेच उत्तर येते, आणि ते स्थिर आहे असा समज होतो. मी आता रन क्रमांक बदलून किमान तीस फेऱ्या घेतो. शिवाय सरासरीबरोबर सलग किती पॅकेट्स गेली हेही नोंदवतो, कारण विखुरलेली गळती कानाला फारशी जाणवत नाही, पण तेवढीच सलग झाली तर शब्दच तुटतो.