टाकीमागचा डोंगर मला १२,३५० रुपयांना पडला

आकडा आधीच सांगून टाकतो. २,५०० ॲडव्हान्स, ४,००० काम झाल्यावर, ४,००० ‘रिफंड’च्या नावाने आणि १,८५० रुपयांचे पाच ओरांडा, म्हणजे गोल्डफिश. एकूण १२,३५०. कशासाठी? तर फिश टँकच्या मागच्या काचेतून फिल्टरची नळी आणि वायरींचा गुंता दिसतो म्हणून.

मी नवखा नाही. अकरा वर्षं फिश टँक सांभाळतोय. मागे लावायचं पोस्टर आणि काच यांच्यामध्ये हवा राहिली की पांढरट चट्टे दिसतात, म्हणून काचेला बाहेरून ग्लिसरीनचा हात फिरवायचा आणि जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे कडेला ढकलायचे, एवढं मला येतं. पण मुलीने मागच्या काचेला आतून चिकटवायच्या थ्रीडी खडकांची रील दाखवली. नाशिकला इंदिरानगरात घरी येऊन बसवून देणार, इम्पोर्टेड रेझिन (म्हणजे जड, कडक प्लास्टिक), लाइफटाइम गॅरंटी. बायको म्हणाली, “काळा कार्डपेपर चिकटवा, मासे उठून दिसतील.” नाही ऐकलं.

रविवारी तो बसवणारा आला. तीन फुटांचा खडक काखेत मारून, दुसऱ्या हाताने फोनवर बोलत तिसरा मजला चढला. तिथेच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. मी कोपरा नखाने खरवडला. राखाडी रंग निघाला आणि नखात साबुदाण्याएवढा पांढरा दाणा आला. निम्मं आयुष्य गणपतीची मखरं कापण्यात गेलं, मला थर्माकोल ओळखू येणार नाही? विचारलं, तर म्हणाला, “दादा, आतून कोअर असतो, वरून रेझिन.” मी मान डोलावली! चिकटवायच्या सिलिकॉनच्या ट्यूबवर ‘सॅनिटरी, अँटी-फंगल’ छापलेलं होतं, तेही वाचलं. बुरशी मारायचं औषध, ते माशांच्या पाण्यात. पण चहा ठेवलेला, पोर आनंदात नाचतेय, आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं? तुम्हीही नसतं पाठवलं.

टाकीत लावायचं सिलिकॉन किमान एक दिवस सुकू द्यावं लागतं. याने “फास्ट ड्राय आहे” म्हणत तासाभरात पाणी भरलं, बादलीतले मासे सोडले, फोटो काढले, ४,००० घेतले.

रात्री अडीचला धप्प असा आवाज. तीन फूट लांब, सव्वा फूट उंच, दोन इंच जाड थर्माकोल म्हणजे पाण्यात सतरा किलोच्या आसपास उसळी. हा हिशोब मी नंतर केला, तोही चिडून. डोंगर सुटून वर आलेला, झाकण तिरकं, पाण्यावर रंगाचा तवंग, ओल्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. सकाळपर्यंत पाचही गेले.

फोनवर माणूस गोड. “अकाउंटवाले रिफंड टाकतील.” पुढचं तुम्हाला पाठ आहे. क्यूआर आला, पिन टाकला, पैसे उलटे गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच आईला शिकवलंय. रात्रभर झोप नव्हती, एवढंच म्हणेन. असं झालं तर त्या मिनिटाला १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. मी आधी दोन तास त्याच्याशीच भांडत बसलो.

मग पोलीस ठाणं. पहिला प्रश्न, “माशांचा पंचनामा करायचाय का?” मागे दोघं हसले. काम आवडलं नाही म्हणजे सिव्हिल मॅटर, असं ऐकवलं. क्यूआरचं काय, तर सायबरला जा. तिथे म्हणे आधी बँकेचं पत्र आणा. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. परत ठाण्यात, तर आता हद्द आमची नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, आणि फसवणुकीचं ४२० जाऊन आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, हे मी म्हणालो, तर “वकील आहात का?” नाही साहेब, अंबडला शिफ्टमध्ये काम करतो, तीन सुट्ट्या तुमच्या बाकड्यावर गेल्या! शेवटी एका कागदावर शिक्का मिळाला, तो फ्रिजवर लावलाय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणून तो फॉर्मही काढला. त्यात समोरच्याचा पूर्ण पत्ता मागतात. माझ्याकडे एक बंद नंबर आणि त्याने सांगितलेलं ‘वर्कशॉप’. त्रिमूर्ती चौकाजवळच्या त्या गाळ्यात सोफे शिवतात.

घरी येणाऱ्याकडून पत्ता असलेलं पक्कं बिल घ्या, ॲडव्हान्स द्यायच्या आधी. थ्रीडी लावायचंच असेल तर मासे नसलेल्या टाकीत लावा, आठवडाभर नुसतं पाणी ठेवून बघा. आणि नखात दाणा आला तर चहा पाजून दारातूनच परत पाठवा.

सध्या वीस रुपयांचा काळा कार्डपेपर आहे. बायको काही बोलत नाही, ते जास्त लागतं. परवा मुलीला परत तीच जाहिरात दिसली, दर आता ७,५००. खाली फोटो आमच्याच टाकीचा, मागे भिंतीवर आमचं कालनिर्णय, दूधवाल्याच्या खाड्यांच्या खुणांसकट.