अँटिव्हायरस टाकताना १,१२,२६० रुपये गेले: कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि त्यावर अँटिव्हायरस टाकायचा राहिलाय, त्यांनी हे वाचा. ज्यांची मुलं परगावी आहेत आणि असली कामं स्वतःलाच करावी लागतात, त्यांनी तर वाचाच. माझ्या खात्यातून आधी १० रुपये गेले, मग ४९,०००, मग ३८,७५०, आणि बँकेकडे तक्रार नोंदवून झाल्यानंतर आणखी २४,५००. शेवटच्या रकमेबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे. ते पुढे सांगते.

मी अडाणी नाही. आयुष्यभर खाजगी कंपनीत अकाउंट्सचं काम केलं, आता आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, हिशेब टॅलीवर स्वतः ठेवते. लॉटरी लागली, केवायसी संपलं, आज रात्री वीज कापणार, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, हे सगळे फोन मला आले आणि मी ते कापले. पण ते फोन त्यांनी केलेले असतात. इथे फोन मी केला होता. ‘अनोळखी फोन उचलू नका’ असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपण स्वतः नंबर लावला की समोरचा माणूस कंपनीचाच आहे असं मन धरून चालतं, संशय घ्यायचं सुचतच नाही.

अँटिव्हायरस घेतला तो सोसायटीसाठीच. मेंटेनन्सची बिलं, सभासदांचे नंबर, ऑडिटचे कागद असं सगळं माझ्या घरच्या लॅपटॉपवर असतं आणि कोणीही उठून पेन ड्राइव्ह आणून देतं. म्हणून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून एका कॉम्प्युटरसाठी एक वर्षाचा बॉक्स घेतला. ६५० रुपये, पक्क्या बिलासकट. दुकानदाराचा यात काही दोष नाही. बॉक्स अस्सल होता आणि आतली ‘की’, म्हणजे अँटिव्हायरस चालू करायचा क्रमांक, तीसुद्धा अस्सल निघाली.

बॉक्समध्ये सीडी होती, हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. म्हणून बॉक्सवर छापलेल्या पत्त्यावरून सेटअप उतरवला. इथपर्यंत सगळं बरोबर केलं होतं. सेटअप अर्ध्यावर जाऊन थांबला आणि एक इंग्रजी खिडकी उघडली: या कॉम्प्युटरवर दुसरा अँटिव्हायरस आहे, आधी तो काढा. मला माहीत होतं की मी दुसरा कुठला टाकलेला नाही. नवीन लॅपटॉपबरोबर कुठल्यातरी कंपनीचा महिना-दोन महिन्यांचा फुकट ट्रायल आधीच भरलेला येतो, तो संपला तरी आत बसून राहतो आणि नव्याला येऊ देत नाही, हे मला कोणी सांगितलं होतं? सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन तो अनइन्स्टॉल करायचा, लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, सेटअप परत चालवायचा. एवढंच काम होतं. भाच्याने नंतर माझ्यासमोर चहा निवायच्या आत करून दाखवलं.

मी मात्र कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं गूगलवर टाकलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर कंपनीचं नाव, तोच लोगो, आणि खाली ठळक नंबर. वर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. शोधात पहिलं येतं ते खरंच असतं असं नाही, हे पाठ करून ठेवा. कंपनीचा खरा नंबर बॉक्सच्या मागच्या बाजूला छापलेला होता आणि बॉक्स माझ्या कीबोर्डशेजारी होता. पण तो अशा बारीक अक्षरांत की भिंगाशिवाय वाचता येणार नाही. माल विकताना नाव वीतभर छापता, मग मदतीचा नंबर मुंगीएवढा का?

फोन लागला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग वाजणारी धून, मग एक मुलगा. स्वच्छ मराठी. ‘मॅडम’पासून सुरुवात करून थोड्या वेळात ‘ताई’वर आला. माझा सेटअप कुठे अडकला असेल ते मी सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं. आता कळतं की हजारो लोकांचा तिथेच अडकतो, त्यात ओळखण्यासारखं काही नाही. तेव्हा मात्र वाटलं, माणूस जाणकार आहे. त्याने लांबून स्क्रीन बघायचं एक ॲप टाकायला लावलं आणि त्यावरचा नंबर विचारला. खऱ्या कंपन्यासुद्धा असंच करतात. ऑफिसात असताना आमचा आयटीवाला रोज करायचा. त्यामुळे तिथे मला शंका आली नाही आणि त्याबद्दल कोणी मला बोल लावू नये.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, उघडून दाखवला. लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. म्हणाला, ताई, हे सगळे व्हायरस. मग काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ या रकान्यावर माउस फिरवत म्हणाला, बघा, परदेशातून लोक तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. माझ्या हातापायातलं बळच गेलं. सोसायटीच्या पंचावन्न घरांची माहिती डोळ्यांसमोर आली.

दोन्ही धादांत खोटं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल फुल्या प्रत्येक विंडोजमध्ये असतात, अगदी नव्या कोऱ्या मशीनमध्येसुद्धा. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला तरी तिथे नोंद पडते. आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ म्हणजे तुमचा कॉम्प्युटर ज्याच्याशी जोडलेला आहे त्या पलीकडच्या मशीनचा पत्ता. साधं मेल उघडलं तरी तिथे ओळी दिसतात. ही दोन दृश्यं कोणी दाखवली की फोन ठेवा आणि वायफाय बंद करा. बोलत बसू नका.

‘कॉम्प्युटर आणि मोबाइल एकाच वायफायवर आहेत, मोबाइलही सुरक्षित करायला लागेल, तो मोफत आहे,’ असं म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे फोनवर ॲप टाकणारी फाइल. फोनने इशारा दिला, तो म्हणाला, अँटिव्हायरसला परवानग्या जास्त लागतात म्हणून असं येतं, ‘अलाउ’ करा. त्यात मेसेज वाचायची परवानगी होती. त्या घटकेपासून माझ्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जात होता आणि, पुढे सांगते तो १० रुपयांचा सोडला तर, मला दिसतसुद्धा नव्हता. प्ले स्टोअरच्या बाहेरून, व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइल उघडायची नाही. पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी नाही, कारण भावाचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात असू शकतो.

आणि मग ते १० रुपये.

या जागी मी रोज येऊन अडकते. तो म्हणाला, की रजिस्टर करायला १० रुपये फी आहे, हा फॉर्म भरा. डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे. मी भरले. पैसे तर मी दुकानात देऊन आले होते! ६५० रुपयांत वर्षभराची की मिळाली होती. ती की टाकायला, नाव आणि ईमेल द्यायला, पुढे एक पैसाही लागत नाही. बॉक्सचं बिल माझ्या टेबलावर होतं. आयुष्यभर मी लोकांची व्हाउचर अडवली, ‘याचं पेमेंट आधीच झालंय, दुसऱ्यांदा कसं?’ असं विचारून. कंपनीत माझ्या टेबलावरून एकच बिल दोनदा कधी पास झालं नाही. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या कार्डावर, हा प्रश्न माझ्या तोंडून बाहेर आला नाही. रक्कम १० होती म्हणून. १,००० मागितले असते तर मी विचारलं असतं. हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना १० रुपये नकोच असतात, त्यांना कार्ड हवं असतं. भरलेल्या पैशांवर कोणी पुन्हा रुपया जरी मागितला तरी तिथेच थांबा.

त्यानंतर तो म्हणाला, स्कॅन चालू आहे, लॅपटॉपला हात लावू नका. मी स्वयंपाकघरात गेले. परत येऊन मेल बघितलं तर बँकेची दोन मेल: ४९,००० आणि ३८,७५०. फोनवर एकही मेसेज नाही.

आता बँक. कार्डाच्या मागचा नंबर लावला. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन, मग पर्सनल लोनची जाहिरात, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. पैसे जात असताना माणूस लोनची जाहिरात ऐकतोय! शेवटी ६ वाजून ४१ मिनिटांनी तक्रार नोंदवली गेली, नंबर मिळाला, कार्ड ब्लॉक झालं. मी स्पष्ट म्हटलं, माझं सगळं खातं बंद करा, नेटबँकिंगसकट. उत्तर आलं, त्यासाठी शाखेत यावं लागेल. तो चौथा शनिवार होता. शाखा सोमवारपर्यंत बंद. आणि ८ वाजून ७ मिनिटांनी नेटबँकिंगमधून २४,५०० गेले. त्याने पासवर्ड आधीच बदलून ठेवला होता.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी नंतर स्वतः वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलंय: ग्राहकाने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेची. मी ते छापून शाखेत नेलं. मॅनेजरनी कागद हातात न घेता सांगितलं, ‘ओटीपी टाकल्याशिवाय व्यवहार होत नाही, म्हणजे तुम्हीच दिला.’ मी दिला नाही. १० रुपयांचा एक ओटीपी मी पानावर टाकला, तेवढाच. बाकीचे मला दिसलेसुद्धा नाहीत. आणि पहिल्या रकमांबद्दल वाद घाला हवं तर, पण ६:४१ नंतरच्या २४,५०० चं काय? यावर आजपर्यंत कोणी उत्तर दिलेलं नाही. पत्र येतं, त्यात त्या वेळेचा उल्लेखच नसतो.

१९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर पाठ करा. त्याच संध्याकाळी लावला, लागेना, लागेना, मग लागला. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, बँक हे सगळं समोर लिहून मगच फोन करा, नाहीतर शोधताना मिनिटं जातात. या नोंदीमुळे पुढच्या खात्यात ११,३२० रुपये अडकवले गेले. तेवढेच. तेही अजून माझ्या हातात आलेले नाहीत.

पोलीस ठाण्याबद्दल काय लिहू? गणपतीचे दिवस, सगळे बंदोबस्ताला. ‘साहेब नाहीत, नंतर या.’ नंतर गेले तर, ‘स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा.’ शिक्का आणला तर, ‘पैसे गेले ते खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही.’ सायबरच्या कार्यालयात गेले तर, आधी तुमच्या ठाण्यात जा. एकजण तर माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाला, ‘शिकलेल्या दिसता, मग असं कसं केलंत?’ शेजारी दोन-तीन माणसं बसलेली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. हे वाक्य ते चोराला विचारत नाहीत, मला विचारतात. म्हणूनच माणसं तक्रार करत नाहीत आणि चोरांचं फावतं.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायला हवी, आणि तिची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. मी कलम लिहून नेलं आणि समोर ठेवलं, तेव्हा कुठे रजिस्टर उघडलं. आयटी कायद्याचं कलम ६६ डीसुद्धा, म्हणजे कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन केलेली फसवणूक, मी स्वतः म्हटलं म्हणून लागलं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘खजिनदारच फसल्या’ अशी कुजबुज झाली. सोसायटीचा एक रुपयाही गेलेला नाही, ते खाते वेगळं आहे आणि त्यावर दोन सह्या लागतात. गेले ते माझ्या निवृत्तीचे पैसे. हे मी ग्रुपवर लिहिलं आणि इथेही लिहिते.

भाच्याने फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला, लॅपटॉपवरून ते ॲप काढलं, दुसऱ्याच मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले. ही कामं याच क्रमाने करा. घाण असलेल्या फोनवर नवा पासवर्ड टाकला तर तोही त्यांनाच मिळतो. त्यानेच सांगितलं की विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीच असतो, फुकट असतो, स्वतःच अपडेट होतो, आणि घरच्या वापराला पुष्कळ आहे. दुसरा टाकला की तो आपोआप बाजूला होतो. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ज्यांच्याकडे अजून ते आहे त्यांनी आधी त्याचं बघावं, अँटिव्हायरसचं नंतर. आणि स्क्रीनवर ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं तर ते खोटंच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. मी केली आहे. एकच मागणी स्वतंत्र लिहिली आहे: ६:४१ ची तक्रार आणि ८:०७ चा व्यवहार यांच्या मधल्या वेळात बँकेने काय केलं त्याची नोंद द्या. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर बँकेला केलेल्या कॉलचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, त्यात वेळ दिसली पाहिजे. फोनमधली कॉलची जुनी यादी आपोआप पुसली जाते, आणि मागितलं तेव्हा बँकेने मला त्यांचं रेकॉर्डिंग दिलेलं नाही.