मार्लीजचं सीझन तिकीट, अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर

ऑक्टोबर २०२४ ला टोरंटो मार्लीजचं सीझन तिकीट घेतलं, एप्रिलपर्यंत घरच्या ३६ पैकी २७ मॅच बघून झाल्या, म्हणून आता लिहितेय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, खेळ आइस हॉकीचा, आणि मार्लीज म्हणजे मेपल लीफ्सची, टोरंटोच्या एनएचएल टीमची (एनएचएल म्हणजे सगळ्यात वरची लीग), खालची टीम, एएचएल नावाच्या खालच्या लीगमधली. लीफ्सने ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो) उचललेली पोरं इथे तयार होतात आणि मग वर जातात, किंवा जात नाहीत. मला ही पोरंच बघायची होती. माझे बाबा शिवाजी पार्कला छत्री घेऊन कांगा लीग बघत उभे राहायचे आणि घरी येऊन रन सांगायचेच नाहीत, अमक्याचे पाय कसे हलतात तेवढंच सांगायचे, ती सवय मला लागलीय.

आधी सीटबद्दल, कारण तिथे माझे सहा मॅच वाया गेले. आम्ही खाली काचेजवळ कोपऱ्यात घेतली होती. धडका जबरदस्त दिसतात, मुलगा खूश, पण पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते काहीच कळत नाही. मग सीट बदलून गोलच्या मागे वरच्या रांगेत गेलो आणि एकदम सगळं उलगडलं, कोण कुठे मोकळा आहे, कोणाला ते दिसलं, कोणाला दिसलं नाही. दुसऱ्या टीमचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, तेही वरच बसतात, मांडीवर वही, गोल झाला तरी टाळी नाही.

आता मी असं करते की एका पिरियडला (मॅचचे असे तीन भाग असतात) एकच पोरगा धरायचा आणि त्याची प्रत्येक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरल्यापासून परत बाकावर येईपर्यंत, पूर्ण बघायची, ४०-४५ सेकंदांची तर असते, आणि पक (खेळायची रबरी चकती) त्याच्याकडे नसेल तेव्हा जास्त बघायचं. हे घरी स्क्रीनवर जमत नाही, मी केलंय ट्राय, कॅमेरा पकच्या मागे पळतो आणि आपला पोरगा फ्रेमच्या बाहेर. तोपी निमेला, फिनलंडचा डिफेन्समन, २०२० च्या ड्राफ्टमधला ६४ वा पिक, अंगाने मोठा नाही. मागे पक आणायला जाताना तो किती वेळा मान वळवून खांद्यावरून बघतो ते माझा मुलगा मोजायचा. ज्या शिफ्टला दोनदा बघितलं त्या शिफ्टला पक नीट बाहेर यायचा, नाही बघितलं की तोच बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, चेपला जायचा. आमच्या वहीत हे पानभर आहे.

आकडे फसवतात हे मला ॲलेक्स स्टीव्जमुळे नीट कळलं. त्या सीझनला त्याने ३६ गोल मारले, शॉट असा की गोलीला (गोलकीपरला) हलायला वेळ नाही, तरी लीफ्समध्ये त्याची जागा पक्की झाली नाही. मला तो फार आवडायचा आणि अजूनही वाटतं त्याला वर सलग दहा-पंधरा मॅच द्यायला हव्या होत्या. पण इथे आघाडीच्या लाइनवर (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड म्हणजे एक लाइन), पॉवर प्लेवर (समोरचा एक जण शिक्षेमुळे बाहेर असताना) खेळणाऱ्याला वर गेल्यावर चौथ्या लाइनवर दहा मिनिटं मिळतात आणि तिथे वेगळंच काम असतं, त्यामुळे मी आता गोल नंतर बघते.

गोलींच्या बाबतीत घाई करूच नका. डेनिस हिल्डेबी सहा फूट सात इंच, एवढा उंच गोली बाजूला सरकताना पाय उघडले की मधली फट पण तेवढीच मोठी, हे नोव्हेंबरमध्ये खटकलेलं मार्चमध्ये मला बरंच कमी वाटलं. जोसेफ वॉलला लीफ्सने २०१६ ला निवडलं आणि तो वर स्थिरावेपर्यंत २०२३ उजाडलं होतं.

सगळ्यात वाईट दिवस ७ मार्च २०२५, ट्रेड डेडलाइन, म्हणजे टीमना खेळाडूंची अदलाबदल करायचा शेवटचा दिवस. फ्रेझर मिंटन बॉस्टनला, निकिता ग्रेब्योन्किन फिलाडेल्फियाला, एकाच दिवशी. ग्रेब्योन्किन बोर्डपाशी पाठ लावून पक धरून ठेवायचा ना, दोन-दोन जण लटकले तरी सोडायचा नाही, मुलाने ते अंगणात किती दिवस प्रॅक्टिस केलं. त्या रात्री तो वही घेऊन बसला आणि मला म्हणाला आई ही पानं फाडायची का? मी नाही म्हटलं. एनएचएलची टीम कप जिंकायला बघणार, त्यात पोरं जाणार, हे डोक्याला कळतं, पण पाच महिने एखाद्याला इतक्या जवळून बघितल्यावर लागतंच.

तिकीट घ्यायच्या आधी एक गोष्ट जरूर लक्षात घ्या. ज्याचं नाव सगळीकडे ऐकता तो प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा) इथे असेलच असं नाही. ईस्टन काउअन, २०२३ चा पहिल्या राउंडचा पिक, या सगळ्या काळात लंडन नाइट्स या ज्युनियर टीमकडेच होता, कारण तेव्हाच्या नियमाने सीएचएलमधून (कॅनडातल्या ज्युनियर लीगमधून) निवडलेला १९ वर्षांचा मुलगा एनएचएलमध्ये टिकला नाही तर त्याला ज्युनियरला परत पाठवावं लागायचं, एएचएलला नाही. त्याच्यासाठी आम्ही गाडी काढून लंडन, ऑन्टारिओला गेलो, दोन तास बर्फातून, आणि पुन्हा जाईन.

बाकी जाणं-येणं सोपं आहे, लेकशोर वेस्ट गो ट्रेनने एक्झिबिशनला उतरलं की कोलिसियम, जिथे मार्लीज खेळतात, समोरच, गाडी नेऊच नका. आमच्या घरच्या हिशोबाने वर एक लीफ्स मॅच बघण्याच्या खर्चात इथे तिघांच्या चार-पाच मॅच होतात. जॅकेट काढू नका, आत थंडी असते.

तिकीट रिन्यू केलंय, तीच रांग. काउअन मेमोरियल कपचा (ज्युनियरमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला, त्याच्या थोडं आधी, मे २०२५ मध्ये, त्याला २० पूर्ण झाली, म्हणजे आता तो मार्लीजकडून खेळू शकतो. मुलाने नवीन वहीचं पहिलं पान त्याच्यासाठी सोडलंय, आणि ग्रेब्योन्किनची जुनी पानं त्याच वहीत मागे पिन करून ठेवलीत.